प्रिंटेड मॅग्नेशियमच्या बोन प्लेट्स आणि भट्टी: अंधेरीतल्या प्रकल्प नोंदी

९ जून

प्रिंट केलेले तुकडे आज लॅबमध्ये पोचले. धातू डब्ल्यूई४३, म्हणजे मॅग्नेशियममध्ये सुमारे ४ टक्के इट्रियम, ३ टक्क्यांच्या आसपास निओडिमियम आणि इतर रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये), शिवाय अर्धा टक्का झिर्कोनियम. लेझर पावडर बेड मशीनवर (धातूच्या भुकटीचा एकेक थर लेझरने वितळवत जाणारे यंत्र) काही सळ्या उभ्या, काही आडव्या प्रिंट करून घेतल्या आहेत, आणि सोबत थोड्या बोन प्लेट्स, म्हणजे मोडलेले हाड जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या.

पुढे आकड्यांच्या गर्दीत हरवू नये म्हणून उद्देश आधीच लिहून ठेवते. हाड जुळेपर्यंत प्लेटने भार पेलायचा आणि मग शरीरात सावकाश विरघळून जायचे. काढायला दुसरे ऑपरेशन नको. कल्पना सिद्ध झालेली आहे. याच कुळातल्या मिश्रधातूच्या हाडाच्या स्क्रूला युरोपात २०१३ मध्ये सीई मार्क (विक्रीसाठी लागणारी मान्यता) मिळाला, २०१६ मध्ये हृदयाच्या स्टेंटलाही. मॅग्नेशियमची लवचिकता हाडाच्या बरीच जवळ जाते. हाडाचा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणाचे माप) साधारण १० ते ३० गिगापास्कल, मॅग्नेशियमचा ४५ च्या आसपास, टायटॅनियमचा ११०. टायटॅनियमची प्लेट सगळा भार स्वतःवर घेते आणि खालचे हाड दुबळे होत जाते, ही तक्रार जुनीच आहे.

परळच्या ऑर्थोपेडिक डॉक्टर मॅडमनी मागच्या भेटीत एकच गोष्ट ठासून सांगितली होती. "ताकदीचं तुम्ही बघालच हो. पण पेशंट टेबलावर असताना मला प्लेट हाडाच्या वळणावर बसवावी लागते. बेंडरमध्ये धरली आणि तडकली, तर त्या क्षणी मी काय करायचं?" त्यामुळे या प्रकल्पात तन्यता (न तुटता लांबण्या-वाकण्याची क्षमता) आधी, ताकद नंतर. फक्त ताकदीचे मेगापास्कल वाढवून इथे कोणाचेच भले होणार नाही.

१२ जून

पावसाने जोर धरला आहे. लॅबमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर. मॅग्नेशियमला मुंबईची हवा अजिबात मानवत नाही. ओलावा आणि समुद्राकडून येणारे क्लोराइड एकत्र आले की उघडा पृष्ठभाग काळवंडायला वेळ लागत नाही. सगळे तुकडे डेसिकेटरमध्ये ठेवले. निळी सिलिका जेल गुलाबी पडली की लगेच ओव्हनमध्ये वाळवायची, हे काम रोज सकाळी पहिले. पावडर आमच्याकडे येतच नाही, आणि ते बरेच आहे. ती प्रिंट करणाऱ्यांकडे आर्गॉनमध्ये बंद असते.

१७ जून

पहिला तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला. भट्टीला हात लावण्याआधी हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. हँडबुकातली रेसिपी ओतीव धातूसाठी लिहिलेली असते. ओतीव डब्ल्यूई४३ साच्यात सावकाश गोठतो, ग्रेन (धातूचे स्फटिककण) मोठे होतात, आणि निओडिमियम-इट्रियमचे जाड युटेक्टिक (सर्वांत शेवटी गोठणारे मिश्रण) ग्रेनच्या कडांवर साचते. ते विरघळवायला ५२५ अंशांवर ८ तास (ही सोल्युशन ट्रीटमेंट), मग क्वेंच, म्हणजे झटकन थंड करणे, मग २५० अंशांवर १६ तास एजिंग, म्हणजे विरघळलेले रेअर अर्थ बारीक कणांच्या रूपात बाहेर येऊन धातू कडक होणे. या सगळ्या क्रमाचे नाव टी६.

लेझरखाली वितळलेला थेंब मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत गोठतो. रेअर अर्थचा मोठा हिस्सा मॅग्नेशियममध्ये विरघळलेल्या स्थितीतच अडकून पडतो. म्हणजे सोल्युशन ट्रीटमेंटने जे काम करायचे, त्यातले बरेचसे प्रिंटरने आधीच उरकलेले असते. मग पुन्हा ५२५ अंशांवर तेच कशासाठी? या प्रकल्पातला माझा प्रश्न हाच.

पॉलिशिंगच्या शेवटच्या टप्प्यात पाणी बंद. अल्कोहोल आणि डायमंड पेस्टवर काम करावे लागते, नाहीतर कापडावरच डाग पडायला लागतात. एचिंगला, म्हणजे ग्रेन दिसावेत म्हणून पृष्ठभाग हलका खाऊ देण्याला, ॲसेटिक ग्लायकॉल, तेही मोजून काही सेकंदच. एकावर एक चढलेल्या मेल्ट पूलच्या (लेझरने वितळलेल्या थेंबांच्या) कमानी स्वच्छ दिसल्या. त्यांच्यात बहुतेक ठिकाणी काही मायक्रॉनचे बारीक ग्रेन, आणि मधूनच वेडेवाकडे मोठे ग्रेन.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मी दुपारभर नजर लावून बसले होते. कांद्याच्या पातीसारखे चुरगळलेले, पातळ, करडे पापुद्रे. हे इट्रियम ऑक्साइड. पावडरच्या प्रत्येक कणावर त्याचे कवच असते. लेझरने कण वितळतो, कवच नाही. ते वितळायला २४०० अंशांच्या वर जावे लागते, आणि मॅग्नेशियम तर १०९० च्या सुमारासच उकळते. त्यामुळे कवच फाटते, चुरगळते आणि धातूत तसेच गाडले जाते. भट्टीत ५२५ अंशांना त्याचे काहीही बिघडणार नाही. वहीत याला लाल शाईने गोल केला आहे.

१९ जून

सळ्यांतून टेन्साइलचे (ओढून ताकद मोजायचे) नमुने साकीनाक्याला वायरकटवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापणारे यंत्र) कापून घेतले. वायर पितळेची, म्हणून कापलेल्या कडेवर तांबे-जस्ताचा सूक्ष्म थर राहतो. मॅग्नेशियमच्या अंगाला तांबे लागले की गंज तिथूनच सुरू होतो. कडा कागदाने घासून, अल्कोहोलमध्ये धुऊन, मग डेसिकेटरमध्ये.

२१ जून

हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये गेले. आमच्या लॅबमधली ट्यूब फर्नेस लहान, प्लेट्स तिच्यात मावत नाहीत. शेडमधले काका तीसेक वर्षे भट्टीवर आहेत आणि त्यांचा हात नीटस आहे. ट्रेमधल्या चकचकीत सळ्या पाहून ते म्हणाले, "ताई, ॲल्युमिनियमच ना? मग सॉल्ट बाथमध्येच टाकू की, तापमान एकदम सारखं मिळेल."

तो बाथ वितळलेल्या नायट्रेट मिठाचा. ॲल्युमिनियमसाठी उत्तम. गरम नायट्रेट मिठात मॅग्नेशियम गेले तर स्फोट होतो, आणि तो आटोक्यात आणायला कोणाच्या हाती काही राहत नाही. मी सांगताच काकांनी स्वतःच ट्रे उचलून दुसऱ्या टोकाला नेला, आणि दोन्ही धातू ओळखायचे कसे ते दाखवा म्हणाले. कॅन्टीनमधून लिंबू आणले. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर रसाचा थेंब नुसता पडून राहिला. मॅग्नेशियमवर पडताच फसफसला, बुडबुडे वर आले. काकांनी दोनदा करून पाहिले, मग हाताखालच्या पोरांना बोलावून त्यांनाही करायला लावले. आता त्या बाथवर मराठी-हिंदीत पाटी लागली आहे.

त्यांच्याबरोबर आणखी काही गोष्टी ठरवल्या. गंज चढलेला लोखंडी ट्रे चालणार नाही. लोखंडाचा गंज आणि तापलेले मॅग्नेशियम हे थर्माइटच (पेटले की प्रचंड तापणारे मिश्रण). ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचे नाही, कारण मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ४३७ अंशांवर पोचले की जोडावर वितळायला लागतात, आणि आपल्याला जायचे आहे ५२५ ला. गुंडाळायचेच तर स्टेनलेसच्या फॉइलमध्ये. भट्टीशेजारी कोरड्या वाळूची बादली, झाकण लावून, कारण पावसात वाळू ओलावा धरते आणि ओली वाळू पेटत्या मॅग्नेशियमवर टाकली तर हायड्रोजन निघतो. शेडमधले कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर या कामाला निरुपयोगी. पेटलेले मॅग्नेशियम त्या वायूतही जळत राहते.

२५ जून

प्रकल्पाच्या बैठकीत व्हॅक्यूम फर्नेसचा विषय निघाला. टायटॅनियमच्या प्रिंटची हीट ट्रीटमेंट व्हॅक्यूममध्येच होते, मग याची का नाही, असा सूर होता. सरांना मी बाष्पदाबाचे कोष्टक दाखवले. मॅग्नेशियम घन असतानाच त्याची वाफ होऊ लागते. ५०० अंशांच्या सुमारास बाष्पदाब साधारण १० पास्कल. व्हॅक्यूम भट्टीतला दाब त्याहून कितीतरी कमी असतो, म्हणजे तुकड्याचा पृष्ठभाग उडून जाणार आणि भट्टीच्या थंड भिंतींवर मॅग्नेशियमचा बारीक थर बसणार. पुढच्या वेळी दार उघडून हवा आत आली की तो थर पेटू शकतो. सर कोष्टक वाचून म्हणाले, "मग आर्गॉनच. आणि हवेपेक्षा थोडा जास्त दाब ठेवा, म्हणजे गळती झाली तरी आतून बाहेर होईल." ठरले. जुने फाउंड्रीवाले अशा भट्टीत सल्फर डायऑक्साइड सोडायचे, त्यासाठी पायराइटचे तुकडे ठेवायचे. उपाय चालतो, पण आमच्या बंद शेडमध्ये तो वायू मला नको आहे.

२ जुलै

हँडबुकातली सोल्युशन ट्रीटमेंट करून पाहिली: ५२५ अंश, ८ तास, आर्गॉन, मग कोमट पाण्यात क्वेंच आणि लगेच अल्कोहोल. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तुकड्याला टेकवून बांधले होते. भट्टीच्या डिस्प्लेवर विसंबण्यात अर्थ नाही.

कडकपणा ऐंशीच्या घरातून सत्तरच्या खाली आला, विकर्स या मापात. ग्रेन फुगले, पण सगळीकडे सारखे नाहीत. ऑक्साइडचे पापुद्रे दाट आहेत तिथे ग्रेन बारीकच राहिले, कारण पापुद्र्यांनी कडा अडवून धरल्या. मधल्या मोकळ्या जागेत मात्र ऐसपैस वाढले. मेल्ट पूलच्या कमानी पुसल्या गेल्या.

प्रिंटरने दिलेली सगळ्यात मौल्यवान गोष्ट, तो बारीक ग्रेन, आठ तासांत निघून गेला. मॅग्नेशियममध्ये ग्रेन बारीक असण्याचे मोल इतर धातूंपेक्षा जास्त. त्याची अणुरचना षट्कोनी. अणूंचे थर एकमेकांवर घसरून धातू वाकतो, आणि खोलीच्या तापमानाला घसरायला सोपा असा थर एकच, बेसल. ग्रेन लहान असला की शेजारच्या कडांच्या दबावाने अवघड थरही हलायला लागतात, त्यामुळे ताकद आणि तन्यता दोन्ही मिळते. असा सौदा फार थोड्या ठिकाणी हाती लागतो, आणि तो भट्टीत घालवायचा हे मला पटत नाही.

९ जुलै

आता सोल्युशन वगळून थेट एजिंग. प्रिंट केलेला तुकडा तसाच २०० आणि २५० अंशांवर, ठराविक वेळाने बाहेर काढून कडकपणा मोजत.

२५० अंशांवर कडकपणाचे शिखर हँडबुकातल्या १६ तासांच्या खूप आधी आले, कडकपणा नव्वदीच्या वर गेला, आणि मग हळूहळू उतरायला लागला. कारण समजण्यासारखे आहे. प्रिंटमध्ये गोठताना आणि आकसताना डिसलोकेशनची (अणूंच्या रांगांतल्या दोषांची) दाटी तयार होते, आणि या धातूतल्या बीटा-वन प्रेसिपिटेटला (एजिंगमध्ये बाहेर येणाऱ्या बारीक कणाला) जन्म घ्यायला नेमकी तीच जागा आवडते. आधी बीटा-डबलप्राइम, मग बीटा-प्राइम, मग बीटा-वन, शेवटी बीटा, हा क्रम ओतीव धातूसारखाच. फक्त घड्याळ पुढे पळते. २०० अंशांवर चढ सावकाश, पण हातात धरता येण्याजोगा.

इथे थोडे विषयांतर, पण नव्या मुलांना सांगायला हवे. बैठकीत कोणीतरी विचारले होते की स्वस्त एझेड९१ (ॲल्युमिनियम घातलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू) का नाही, त्यालाही एजिंग होतेच की. होते, पण फळ थोडे. एझेड९१ मध्ये मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बेसल थरालाच समांतर वाढतात. जो थर घसरतो त्याच्याच बाजूने पट्टी पडली, तर ती अडवणार काय? डब्ल्यूई४३ मधल्या पट्ट्या प्रिझमॅटिक थरांवर, म्हणजे बेसलला आडव्या उभ्या राहतात आणि घसरणीची वाट खरोखर अडवतात. किमतीतला फरक तिथे वसूल होतो. शरीरात ॲल्युमिनियम सोडायचे नाही, हा दुसरा मुद्दा, आणि आमच्यासाठी तोच निर्णायक.

१९ जुलै

यूटीएमवर, म्हणजे सळ्या ओढून तोडणाऱ्या यंत्रावर, दिवस गेला. थेट एजिंग केलेल्या सळ्यांची यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला कायमचा आकारबदल सुरू होतो तो) तिन्ही गटांत सर्वांत वर. सोल्युशन केलेल्या सर्वांत खाली. इतपर्यंत कडकपणाशी मेळ बसतो.

लांबणे वेगळीच गोष्ट सांगते. एकाच भट्टीतून, एकाच ट्रेवरून निघालेल्या सळ्या, तरी काही चांगल्या लांबल्या आणि काही यील्ड होते न होते तोच तुटल्या. उभ्या प्रिंट केलेल्या सळ्यांत हा बेभरवसा जास्त. फक्त सरासरी लिहिली असती तर हे दिसलेच नसते. सरांना सरासरी पाठवली नाही, प्रत्येक सळीचा आलेख पाठवला.

२३ जुलै

तुटलेल्या टोकांचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर फोटो घेतले. लवकर तुटलेल्या प्रत्येक सळीत सुरुवातीची जागा एकच प्रकारची: दोन थर नीट न जुळल्याने राहिलेली चपटी फट, आणि तिच्या ओठावर ऑक्साइडचा पापुद्रा. एका फोटोत फटीच्या तळाशी न वितळलेले पावडरचे गोल कण जसेच्या तसे बसलेले आहेत. उभी सळी ओढताना ओढ नेमकी थरांना लंब असते, म्हणजे अशी फट पूर्ण उघडली जाते. आडव्या सळीत तीच फट ओढीला समांतर पडते आणि फारसा त्रास देत नाही.

म्हणजे ताकद प्रेसिपिटेट ठरवतात, आणि ते भट्टीच्या हातात आहे. तन्यतेची कमाल मर्यादा मात्र फटी आणि पापुद्रे ठरवतात. एजिंगचे तापमान दहा अंशांनी हलवून ती मर्यादा वर जाणार नाही. प्रिंटची उधारी भट्टीने फिटत नाही.

४ ऑगस्ट

फटी बंद करायचा एक मार्ग आहे, हिप: चहूबाजूंनी सुमारे १०० मेगापास्कल आर्गॉनचा दाब आणि ५०० अंशांच्या वरचे तापमान. काही सळ्या आणि प्लेट्स बाहेरगावी पाठवल्या आहेत. पाठवताना तीन शंका लिहून दिल्या. पृष्ठभागाला उघडी असलेली फट बंद होत नाही, कारण वायू तिच्या आतही शिरतो. आत अडकलेला आर्गॉन दाबला जातो पण जात नाही. पुढे पुन्हा तापवले तर ते छिद्र फुगू शकते. आणि हिपचे तापमान म्हणजे सोल्युशन ट्रीटमेंटच, तेव्हा ग्रेनची वाढ याही वाटेने होणार.

चौथी शंका मला सगळ्यात मोठी वाटते. हिपचे भांडे सावकाश थंड होते. त्या वेळात रेअर अर्थ ग्रेनच्या कडांवर जाडसर प्रेसिपिटेट बनून बसते, आणि नंतरच्या एजिंगला कच्चा मालच उरत नाही. जलद थंड करायची सोय असेल तरच घ्या, असे कळवले होते. तशी सोय असलेले युनिट मिळाले म्हणून हो म्हटले.

२१ ऑगस्ट

हिपहून आलेल्या सळ्या तपासल्या. चपट्या फटी बहुतेक मिटल्या आहेत. पापुद्रे आहेत तसेच, पण आता त्यांच्या शेजारी पोकळी नाही, आणि तेवढ्यानेही खूप फरक पडला. उभ्या सळ्यांचे लांबणे वाढले, त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांचे जवळपास सारखे आले. ताकद थेट एजिंग केलेल्यांपेक्षा बरीच कमी. २०० अंशांवरच्या एजिंगने त्यातली थोडी परत मिळाली. २५० ला शिखरापर्यंत नेलेली सळी पुन्हा ठिसूळ झाली, म्हणून तो पर्याय मी बाद केला.

गंजाची चाचणी सुरू केली आहे: ३७ अंशांवर शरीरद्रवासारखे द्रावण, वर उलटी ब्युरेट, निघालेला हायड्रोजन तिच्यात जमा होतो. शिखरापर्यंत एजिंग केलेल्या तुकड्याचा हायड्रोजन इतरांपेक्षा पुढे आहे. प्रेसिपिटेट भोवतालच्या मॅग्नेशियमसाठी छोटे कॅथोड ठरतात, त्यांच्या कडेने धातू आधी खाल्ला जातो. प्लेटच्या भोकाजवळ असे झाले तर हाड जुळण्याआधीच स्क्रूची पकड जाईल. पूर्ण एजिंगच्या विरोधात हे दुसरे कारण.

११ सप्टेंबर

लॅब अर्धी रिकामी, मंडळी गणपतीला कोकणात. मी प्लेट्स घेऊन परळला गेले. डॉक्टर मॅडमनी स्वतःचे बेंडर काढले. थेट एजिंग केलेली प्लेट पहिल्या वळणाला भोकाच्या कडेशी तडकली. त्यांनी तडा भिंगातून पाहिला, काहीच न बोलता बाजूला ठेवली. हिप आणि २०० अंशांवर थोडे एजिंग केलेली प्लेट वाकली. त्यांनी ती मॉडेलच्या हाडावर ठेवून पाहिली, पुन्हा थोडी वाकवली. मग उलट दिशेला सरळ करायला गेल्या आणि तिथे मात्र भोकाजवळ बारीक चीर आली.

"एका दिशेला चालेल," त्या म्हणाल्या. "पण आम्ही जास्त वाकवतो आणि मग थोडं परत आणतो. सवयच असते हाताला. हे परत आणणं जमलं पाहिजे."

उलट वाकवताना एका बाजूचा ताण दाबात बदलतो, आणि मॅग्नेशियममध्ये ताण आणि दाब सारखे वागत नाहीत, कारण षट्कोनी रचनेत ट्विन (स्फटिकाचा आरशातल्यासारखा उलटलेला पट्टा) एका दिशेच्या भाराला सहज तयार होतात, दुसऱ्या दिशेला नाही. त्यात मोठ्या ग्रेनचे बेसल थर प्रिंटच्या दिशेला लंब मांडलेले आहेत. आम्ही आतापर्यंत फक्त ओढून पाहिले. उलटसुलट वाकवण्याची चाचणी आधीपासून यादीत हवी, असे मॅडमचे मत, आणि ते मला मान्य आहे.

१५ सप्टेंबर

पुढच्या प्रिंटसाठीच्या सूचना आज पाठवल्या. पावडर नवीन, पुन्हा वापरलेली नको, म्हणजे कवच पातळ राहील. चेंबरमधला वायूचा प्रवाह वाढवावा. मॅग्नेशियमची वाफ लेझरच्या वाटेत रेंगाळली की खाली वितळणे अपुरे राहते आणि थरांतल्या फटी तिथूनच सुरू होतात. प्लेट आडवी आणि तिरकी अशा दोन मांडण्यांत हवी, ग्रेनच्या दिशेचा परिणाम वेगळा काढता यावा म्हणून. भोके लहान प्रिंट करून नंतर ड्रिल करू, म्हणजे कडेचा खडबडीत थर निघून जाईल.

हीट ट्रीटमेंटसाठी दोन वाटा शिल्लक ठेवल्या आहेत: नव्या प्रिंटमध्ये फटी खरोखर कमी असतील तर हिप वगळून २०० अंशांवर एजिंग, शिखराच्या बरेच अलीकडे थांबून, नसतील तर जलद थंड होणारे हिप आणि त्यानंतर तेच एजिंग. हँडबुकातला टी६ यादीतून काढला आहे. काकांना आर्गॉनचे सिलिंडर आगाऊ सांगून ठेवले, दसऱ्याच्या आसपास पुरवठा लांबतो. उलटसुलट वाकवण्याच्या चाचणीसाठी फिक्स्चरचे ड्रॉइंग सोमवारी साकीनाक्याला द्यायचे आहे.